वाळू घेऊन समुद्राकडे

भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत असलेल्या आमच्या धावड्यातून बाहेरगावी जाणारी माणसं पूर्वी दोनच प्रकारची असत. दवाखान्याला जाणारी आणि लग्नाला जाणारी. पहिल्याला सोबत माणसं लागत, दुसऱ्याला ती न मागता मिळत. शिकायला जाणारा हा तिसरा प्रकार अलीकडे वाढला आहे. त्याच्यासाठी गावाने वेगळे नियम केलेले नाहीत, त्यामुळे त्याच्या वाट्याला दवाखान्याची काळजी आणि लग्नाचं सामान दोन्ही येतं.

माझ्या पुतणीचा बी.एस्सी. कृषीला नंबर लागला. शेतात, बांधावरच्या लिंबाखाली उभं राहून तिने यादी पाहिली, कारण रेंज तिथेच येते. कॉलेज दापोली.

महाराष्ट्रात कृषी विद्यापीठं चार. राहुरीचं १९६८ सालचं, अकोल्याचं १९६९ सालचं, परभणीचं आणि दापोलीचं १९७२ सालचं. अकोला आम्हाला जवळ, परभणी जवळ, राहुरीसुद्धा मनावर घेतलं तर एका दिवसात जाऊन येण्यासारखं. उरलेलं एक समुद्राजवळ, पाचशे किलोमीटरच्याही पलीकडे, तेच नशिबात आलं. त्यातही परभणी आणि दापोली या दोघी एकाच दिवशी, १८ मे १९७२ रोजी जन्मलेल्या. पण प्रवेश फेरीला आपपर कळत नाही. तिने माहेरजवळची ठेवून लांबची दिली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा पहिला प्रश्न शेतकऱ्याला शोभेल असाच होता.

“शेती शिकायला एवढ्या लांब कामून? शेती घरीच हाय. अन् फुकट हाय.”

“दादा, तिथं आंबा, काजू, नारळ, भात असं असतं,” पुतणी म्हणाली.

“मग तू इथं येऊन कपाशीत काजू लावशील?”

तिने शांतपणे सांगितलं की दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ नावाचा आंबा काढलाय, आणि ‘सिंधू’ नावाचा दुसरा असा काढलाय की त्यात कोय जवळजवळ नसतेच. दादाला हे ज्ञान पचलं नाही. “कोयच नाही? मग पोरांनी चोखायचं काय?” असं म्हणून तो बैलांकडे गेला.

तरी दापोलीबद्दल त्याचं मत थोडं मवाळ झालं ते सातबाऱ्यामुळे. शेतकऱ्याच्या लेकराला कृषीच्या प्रवेशात सातबाऱ्यावर अधिभाराचे गुण मिळतात, हे त्याला कळलं तेव्हा तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. त्या उताऱ्यातून आजवर बोजा, हिस्से आणि भाऊबंदांची फिरलेली तोंडं एवढंच निघालं होतं. त्यातून मार्कही निघतात हे त्याला नवीन होतं. शिवाय आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून सरकारने माफ केलेली. फी वाचणार म्हटल्यावर आमच्या घराने ठरवलं की ते पैसे गाडीभाड्यात घालवायचे.

जाणार पुतणी, पण बैठक आमच्या ओट्यावर भरली. कोकण पाहिलेली सगळी माणसं आली. म्हणजे एक जण शाळेच्या सहलीबरोबर गणपतीपुळ्याला जाऊन आलेला आणि दुसऱ्याच्या साडूकडे हापूसची पेटी येत असलेली. तिसरे एक निवृत्त एसटी चालक. त्यांना रस्त्यांतलं सगळं कळत होतं, फक्त ते कोकणात कधी गेले नव्हते.

पहिला प्रस्ताव एसटीचा. सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर, पुणे, दापोली अशी मोट बांधायची. इथे आमच्या अर्थतज्ज्ञांनी डोकं चालवलं. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे पुतणी अर्धी, वहिनी अर्धी, दोन्ही चुलत्या अर्ध्या आणि आमची माय पूर्ण फुकट. हिशोब असा निघाला की जितकी जास्त माणसं जातील तितकी प्रत्येकी सरासरी कमी येते. अजून दोन म्हाताऱ्या मिळाल्या तर जवळजवळ फायद्यातच राहू, असं एकाने बोटं मोजून सिद्ध केलं. त्या दोन म्हाताऱ्या शेजारच्या गल्लीत तयारही होत्या. त्यांना समुद्र बघायचा होता. पण चालकसाहेबांनी चार ठिकाणी सामान टपावर चढवायचं नि उतरवायचं कोण, असं विचारलं आणि फायदा तिथेच बुडाला.

दुसरा प्रस्ताव रेल्वेचा. रेल्वेच्या बाबतीत आमचा तालुका आशावादी आहे. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, त्यामुळे भोकरदनला गाडी कागदावर पोचलेली आहे. सध्या मात्र गाडीत बसायचं तर जालना गाठायचं, तिथून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने खेड आणि खेडहून पुन्हा दापोली. आणि गणपतीच्या तोंडावर कोकण रेल्वेत जागा हवी असेल तर पोरीने दहावीत असतानाच आरक्षण करायला हवं होतं.

कारण तारीख. कॉलेजने हजर होण्याची शेवटची तारीख दिली होती ती नेमकी भाद्रपद शुद्ध तृतीयेची. आता शहरातल्या माणसाला ही नुसती तारीख वाटेल. ओट्यावर पंचांग उघडलं तेव्हा कळलं की आमच्यासमोर दिवस कसले नि अडथळे कसले. श्रावणी अमावास्येला पोळा. पोळ्याला बैल सोडून गावचा माणूस कुठेही जात नाही, आणि ड्रायव्हरही गावचाच माणूस. दुसऱ्या दिवशी कर. करीला घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, प्रवास तर नाहीच. तृतीयेला हरतालिका, म्हणजे वहिनीचा कडक उपास. चतुर्थीला गणपती, म्हणजे इकडे घरी स्थापना आणि तिकडे अख्खी मुंबई कोकणातल्या रस्त्यांवर उतरलेली. एवढ्या सगळ्यात मोकळी निघाली ती एकटी द्वितीया. कुठलंही व्रत, कुठलाही सण नसलेली ही बिचारी तिथी आमच्या उपयोगी पडली. द्वितीयेला निघायचं, पुण्यात पाहुण्यांकडे मुक्काम, तृतीयेला दुपारपर्यंत दापोली. ठरलं. गाडी क्रूझर. किलोमीटरप्रमाणे भाडं, ड्रायव्हरचं जेवण वेगळं.

ठरल्यावर पुतणीने मोबाइल पुढे केला. कॉलेजने पाठवलेली यादी त्यात होती. मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे संच, फोटो, रॅगिंग करणार नाही असं प्रतिज्ञापत्र. वसतिगृहासाठी चादरी, बादली, मग, कुलूप, छत्री. यादी संपली. ओट्यावर शांतता पसरली. एवढ्याशा सामानात माणूस चार वर्षं राहू शकतो हे कुणालाच पटलं नाही.

पूर्वी मात्र माणसं याहूनही कमी सामानात शिकायला जात. निजामाच्या राज्यात आमच्या भागातल्या पोराला पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठावं लागे. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ, तिथली शिकवणी उर्दूतून. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा कुठे उच्च शिक्षण हाकेच्या अंतरावर आलं. त्याआधीचा विद्यार्थी बैलगाडीने जालन्याला जायचा. तिथून मीटर गेजची गाडी. जवळ एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. खुशालीचं पत्र यायला कितीतरी दिवस लागायचे. आता खिशात फोन, दर तासाला व्हिडिओ कॉल, सिल्लोडपासून पुढे चांगला रस्ता. त्यामुळे सोबत नऊ माणसं लागतात.

सामानाची सूत्रं मायच्या हातात होती. मायला दापोली माहीत नव्हती, पण परगाव माहीत होतं. परगाव म्हणजे जिथे भाकरी मिळत नाही. तिने ज्वारीचं पीठ काढलं. मग कुरडया, सांडगे, बाजरीच्या खारोड्या, येसर, शेंगदाण्याची चटणी. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून आणून वाळवलेल्या मिरच्या पोत्यात होत्याच. त्यातल्या तिने ‘थोड्या’ काढल्या. त्या थोड्या उचलायला दोघं लागले. मग दोन गोधड्या. एक अंगावर घ्यायला, एक खाली घालायला. दोन्ही जुन्या लुगड्यांच्या आठ पदरी. कोरड्या असताना पाच-पाच किलोच्या.

आता इथे भूगोलाचा विषय येतो. आमच्याकडे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. दापोलीला साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे आमचा पाच वर्षांचा पाऊस तिथे एका पावसाळ्यात. हे मी आकडे सांगून समजावलं. दादा म्हणाला, “बरं हाय की. पाण्याची चिंता नाही.” दुष्काळी माणसाला जास्त पाऊस ही अडचण म्हणून सांगता येत नाही. जास्त पगार ही जशी कुणाला अडचण वाटत नाही, तसंच ते. मायने तर मला उलट विचारलं की एवढं पाणी असताना पोरीबरोबर पाण्याचा जार का देत नाही.

एकूण पाहता आम्ही सगळ्यांनी तयारी केली ती धावड्यात राहायला जाण्याची. उन्हाने करपू नये म्हणून टोपी दिली, घरात विंचू निघेल म्हणून बॅटरी दिली, लाइट जाईल म्हणून मेणबत्त्या दिल्या. पाऊस येईल असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. छत्री पुतणीने स्वतः आणली.

वहिनीची काळजी वेगळी होती. “भाऊजी, तिथं हिचं अंथरूण कोण घालंल? सकाळी उठवंल कोण?”

मी साने गुरुजींचा दाखला दिला. पालगडचे गुरुजी दापोलीतच शाळेत होते. पुढे ते आमच्या डोंगरापलीकडच्या अमळनेरला, प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथलं छात्रालय सांभाळताना मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांची अंथरुणं नि कपडे नीट लावून ठेवायचे. मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. वहिनीला हे फार आवडलं. तिने दापोलीच्या वसतिगृहाबद्दलच्या सगळ्या अपेक्षा तिथेच निश्चित केल्या. पुढे रेक्टर मॅडमना भेटल्याबरोबर तिने पहिलं काय विचारलं असेल, ते मी इथे सांगत नाही.

मायसाठी मी महर्षी कर्व्यांची गोष्ट काढली. त्यांचं गाव मुरूड, दापोलीजवळचंच. १८७५च्या सुमाराला सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला निघाले. पाऊस, डोंगर, शंभर मैलांहून जास्त पायपीट. सोबत गावचीच पोरं. पोचले, तर परीक्षेच्या साहेबाने त्यांना पाहिलं आणि तू सतरा वर्षांचा वाटतच नाहीस म्हणून बसूच दिलं नाही. शिक्षणासाठी लोक किती लांब जात, असा माझा मुद्दा होता. माय सगळं मन लावून ऐकून म्हणाली, “जन्माचा दाखला नसंल नेला.” आणि लगेच पुतणीकडे वळली. “तू घेतला का गं?”

दाखला घेतला होता. सगळेच घेतले होते. शाळा सोडल्याचा, जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा, जमिनीचा. सेतू केंद्रातल्या पोराशी आमची आता सोयरीक झाल्यासारखी झाली होती. पुतणीने सगळं एका फायलीत लावलं, दादाने ती फाइल युरियाच्या रिकाम्या गोणीत घातली, गोणीचं तोंड सुतळीने बांधलं आणि ती प्रवासभर मांडीवर धरली. आम्ही हसलो.

पोळा झाला. कर झाली. द्वितीयेला पहाटे क्रूझर दारात आली आणि तेव्हा वहिनी एक पिशवी घेऊन बाहेर आली. गुळाची ढेप असावी इतकी जड.

“हे काय?”

“वाळू. उद्या हरतालिका नाही का? पिंड कशाची करू?”

हरतालिकेच्या पूजेला वाळूची पिंड लागते, हे खरं. आमच्याकडे वाळू ही दुर्मीळ वस्तू आहे, हेही खरं. लिलाव, परवाने, रात्रीचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे तहसीलची जीप, एवढ्या सगळ्यातून घरी ओंजळभर वाळू आणायची म्हणजे ओळख लागते. वहिनीने ओळख लावून ती मिळवली होती.

“आई, दापोलीला समुद्र हाय,” पुतणी म्हणाली. “किनाराभर वाळूच हाय.”

“ती खारट असंल. महादेवाला चालंल का?”

यावर शास्त्रात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे वाळू गाडीत चढली. जालना जिल्ह्यातली वाळू विनापरवाना समुद्राकडे नेणारी आमची ही पहिलीच गाडी असावी.

निघताना राजूरच्या गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय कसं जायचं? राजूर आमच्याच तालुक्यात, पण सिल्लोडच्या वाटेवर नाही. गाडी सिल्लोडचा रस्ता सोडून राजूरकडे वळली आणि मग पुन्हा वळसा घालून संभाजीनगरच्या रस्त्याला लागली. पाचशे किलोमीटरचा प्रवास सुरू करायला आम्हाला अर्धा दिवस लागला. पुढचं पुणं आणि पुण्यातला मुक्काम यावर लिहिण्यासारखं काही नाही. पाहुण्यांनी आम्हाला चहा दिला, आम्ही त्यांना मिरच्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट. वरंधा घाट पावसात बहुतेक बंदच ठेवतात, म्हणून इकडून. डोंगरावरून जागोजागी पांढरं पाणी कोसळत होतं आणि आमच्या गाडीत सगळे गप्प झाले होते. दोघे-तिघे मळमळीने, बाकीचे पाण्याच्या नासाडीने. दादा काचेला नाक लावून म्हणाला, “हे सगळं वाहून जातंय अन् अडवत कुणीच नाही?” प्रत्येक वळणाला तो एक पाझर तलाव मंजूर करत होता. वहिनी निर्जळी उपाशी असल्यामुळे तिला घाटात काही झालं नाही. ज्यांनी सकाळी पाहुण्यांकडे पोटभर पोहे खाल्ले होते, त्यांच्यासाठी मात्र गाडी दोनदा थांबवावी लागली.

माणगावला मुंबई-गोवा महामार्गावर आलो आणि मुंबईच्या गर्दीत मिसळलो. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. पुतणी तेव्हा अंगणवाडीत होती. ती बारावी पास झाली, रस्त्याचे अजून काही विषय राहिलेत. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्यांच्या टपांवर गाठोडी. आमच्या टपावरही. त्यामुळे आम्ही कुणाला वेगळे दिसलो नाही. टपरीवर चहा घेताना एका चाकरमान्याने दादाला आपुलकीने विचारलं, “कुठला गणपती तुमचा?”

“राजूरचा,” दादा म्हणाला. “दर्शन घेऊनच निघालो.”

तो माणूस पुढचं महाड येईपर्यंत राजूर कुठल्या तालुक्यात, याचा विचार करत असणार.

पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड. पाऊस थांबत नव्हता. म्हणजे आमच्याकडे पाऊस येतो नि जातो, तसा हा नव्हता. हा तिथेच राहायला होता. दापोलीत शिरलो तेव्हा दुपार होती की संध्याकाळ, ते धुक्यामुळे कळलं नाही. टपावरची ताडपत्री आमच्याकडे कांदा झाकायच्या कामाची होती. तिने एवढा पाऊस कधी पाहिला नव्हता. खाली उतरवल्या तेव्हा दोन्ही गोधड्यांनी वाटेतलं सगळं पाणी पिऊन घेतलं होतं. त्या उचलायला चौघं लागले, पिळायला तर कुणी तयारच होईना. पीठ एका बाजूने भिजून आपोआप मळलं गेलं होतं. एकच वस्तू खडखडीत कोरडी निघाली, ती म्हणजे युरियाच्या गोणीतली फाइल. दादाने ती काउंटरवर ठेवताना आमच्याकडे एकदा वळून पाहिलं. बोलला काहीच नाही.

कागद तपासले, सह्या झाल्या, पाच वाजायच्या आत काम संपलं. दादाला वाटलं होतं एखादा तरी कागद कमी निघेल आणि आपल्याला परत धावडा गाठावा लागेल. तसं झालं नाही म्हणून तो थोडा निराशच झाला.

खरी गंमत वसतिगृहाच्या व्हरांड्यात होती. तिथे अख्खा महाराष्ट्र ओला होऊन उभा होता. नांदेडचे, लातूरचे, सांगलीचे, यवतमाळचे आईबाप, आणि प्रत्येकाजवळ गोणी. प्रत्येकाला वाटत होतं आपल्या लेकरालाच इथे तिखट मिळणार नाही. काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, ठेचा, जवसाची चटणी. त्या व्हरांड्यात नुसतं उभं राहिलं तरी शिंका येत होत्या. बायकांनी एकमेकींचे डबे उघडून वासही घेतले. वहिनीने सांगलीच्या बाईच्या मसाल्याला “बरा हाय” म्हटलं, सांगलीच्या बाईने आमच्या येसराला “वेगळाच आहे” म्हटलं. दोघींनाही दुसरीच्या लेकीची कीव आली.

रेक्टर मॅडम सज्जन होत्या. दरवर्षी हे दृश्य पाहत असाव्यात. त्यांनी गोण्यांकडे बघून फक्त एवढंच सांगितलं की खोलीत दोन मुली आहेत, एकीला एक कपाट आहे आणि पावसाळ्यात धान्याला बुरशी येते. मग सगळ्या आईबापांनी एकदमच जे काढून परत गाडीत ठेवायला सुरुवात केली, तेव्हा वरचा मजला चढायला वाट झाली. आमच्याकडची बादली तेवढी राहिली होती घरी. दापोलीच्या बाजारात मात्र दुकानांच्या दारांत बादल्या, मग, छत्र्या, प्लॅस्टिकचे कागद आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या माळांसारख्या टांगलेल्या होत्या. दुकानदाराने आमच्याकडे न बघताच विचारलं, “हॉस्टेल ना? एक बादली, एक मग, दोन दोऱ्या.” चार वर्षांचं सगळं नियोजन त्याने एका वाक्यात केलं.

संध्याकाळी लॉजवर हरतालिका. लॉजच्या मालकीणबाईही पूजेच्याच गडबडीत होत्या. परातीत समुद्राची बारीक वाळू, शेजारी पत्री. वहिनीने आमची पिशवी सोडली. त्या बाईंनी वाळू बोटांत घेऊन पाहिली. “ही कुठली हो? जाडसर आहे.”

“आमच्या नदीची. गोड्या पाण्याची.”

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम आदर आला. पाचशे किलोमीटरवरून आणलेली म्हणजे नक्की कुठल्यातरी तीर्थाची असणार, असा त्यांचा समज झाला आणि तो दूर करण्याची आम्हाला गरज वाटली नाही. दोन्ही वाळू मिसळून एकच पिंड झाली. उरलेली वाळू बाईंनी पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवली.

चतुर्थीला परत निघालो. मुंबई आपापल्या घरी पोचून आरत्या म्हणत होती, रस्ता मोकळा. गाडी मात्र रिकामी नव्हती. परत आणलेल्या गोण्या होत्याच, शिवाय नारळ, आमसुलं, फणसपोळ्या, कोकमाच्या बाटल्या आणि दादाने हट्टाने घेतलेली काजूची दोन रोपं. समुद्र सगळ्यांनी मुरुडला जाऊन बघितला. दादाने पाणी चाखून पाहिलं, थुंकलं आणि “एवढं असून उपयोग नाही” असा निकाल दिला.

गावात आल्यावर लोकांनी कॉलेजबद्दल काही विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते मासळीबद्दल आणि ती पोरगी खाते का याबद्दल. पुतणीचा फोन रोज येतो. सुरुवातीचे काही दिवस तिच्या बोलण्यात आम्ही मागे ठेवून आलेलं थोडंसं सामान असायचं. कुरडया नरम पडल्या, मिरच्यांना पांढरी लव आली, गोधडी अजून वाळतेच आहे. आता ती सामानाबद्दल बोलत नाही. आता भाताच्या खाचरांबद्दल बोलते, खोलीतल्या सांगलीच्या मुलीबद्दल बोलते, आणि काल म्हणाली, “नाना, आज ऊन पडलं तर आम्ही सगळ्या बाहेर जाऊन उभ्या राहिलो.” मायने हे ऐकून ऊन पाठवता येतं का, असं विचारलं.

मग पुतणीने तिला अभ्यासक्रम समजावला. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. आणि चौथ्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणून मुलींना कृषिकन्या करून खेड्यात पाठवतात. शेतकऱ्यांच्या गावी राहायचं, त्यांचं शेत कसं असतं, ते काय पिकवतात, कसे जगतात ते शिकायचं, वहीत लिहायचं.

माय फोनकडे बघतच राहिली.

“म्हंजी खेडं दाखवायला नेणार? तुला?”

“हाव, आजी.”

“मग त्या बाईला सांग, चौथ्या वर्षाला धावड्याला धाडा म्हणावं. तवर मी कुरडया वाळवून ठेवते.”